नेम कुणाचा चुकतो? बंदूकवाल्याचा की गोळीचा?

समजा, एक रायफल आहे. ती कुणाच्या खांद्याला लावलेली नाही, एका जड लोखंडी पकडीत आवळून बसवली आहे. समोर कागदाचं टार्गेट आहे आणि वारा पडलेला आहे. म्हणजे हात थरथरायचा प्रश्न नाही, धडधड नाही, टेन्शन नाही. आता तुम्ही लागोपाठ दहा गोळ्या झाडल्या. दहाच्या दहा एकाच भोकातून जायला हव्यात ना?

जात नाहीत. एक थोडी डावीकडे जाते, एक वर, एक भलतीकडेच. मग नेम चुकला कुणाचा? तिथं माणूस तर नव्हताच!

अमेरिकेत हा प्रश्न हजारो लोकांना रोज सतावतो. तिथले हौशी नेमबाज आपली काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिला नवा प्रायमर बसवायचा, दारू काट्यावर तोलून ओतायची आणि वर गोळी बसवायची. याला ते हँडलोडिंग म्हणतात. एवढी मेहनत करूनही टार्गेटवरची भोकं पसरली, की तपास सुरू होतो. दारू कमीजास्त पडली का? गोळ्यांच्या वजनात फरक आहे का? गोळी पुंगळीत जास्त खोल बसली का? नळीत काजळी साचली का? की दुर्बिणीचा स्क्रूच ढिला आहे? या तपासाचा नियम एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कुणामुळे आला ते कधीच कळत नाही.

आज मला तुम्हाला अशा माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्यानं जवळपास २८० वर्षांपूर्वी हा तपास पहिल्यांदा नीट केला. बेंजामिन रॉबिन्स त्याचं नाव. बंदुका-तोफांच्या शास्त्राचा, म्हणजे बॅलिस्टिक्सचा, पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. जन्म १७०७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ गावात. मृत्यू १७५१ मध्ये आपल्याकडे, आजच्या तमिळनाडूतल्या कडलूरजवळ. वय अवघं ४४.

शिंप्याचा मुलगा

रॉबिन्सचे वडील शिंपी होते. घरी पैशाची ओढाताण. शिवाय कुटुंब क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे साधे कपडे, साधं राहणं आणि युद्धाला ठाम विरोध. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

पोरगं गणितात जाम हुशार निघालं. त्याचं काम लंडनमध्ये हेन्री पेंबर्टन यांच्यापर्यंत पोचलं. हे पेंबर्टन म्हणजे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची तिसरी आवृत्ती संपादित करणारे गृहस्थ. त्यांनी मुलाची पारख केली आणि रॉबिन्स लंडनला आला. १७२७ मध्ये, विशीत, तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विद्यापीठाची पदवी नाही, घराण्याचं नाव नाही, आणि थेट न्यूटनच्या सोसायटीत! पोटापाण्यासाठी तो गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. हळूहळू क्वेकरांचा साधा वेश त्यानं सोडला, आणि त्याचं लक्ष पूल, बंदरं, किल्ले, तोफा अशा गोष्टींकडे वळलं.

स्वभाव मात्र तिखट. कुणाच्या लिखाणात चूक दिसली की छापून मोकळा. १७३९ मध्ये त्यानं एका पुस्तिकेत चक्क लिओनार्ड ऑयलरच्या गतिशास्त्रावरच्या ग्रंथावर टीका केली. ऑयलर म्हणजे त्या काळातला गणिताचा बादशहा. हे नावही लक्षात ठेवा.

१७४१ मध्ये वूलिचला लष्करी अकादमी सुरू झाली. तिथल्या प्राध्यापकाच्या जागेसाठी रॉबिन्सनं अर्ज केला. जागा दुसऱ्यालाच मिळाली. रॉबिन्सनं तेव्हाच्या पंतप्रधानांच्या, म्हणजे वॉलपोल यांच्या विरोधात पत्रकं लिहिली होती, ती त्याला नडली असं सांगतात. पण पुढच्याच वर्षी, १७४२ मध्ये, त्याचं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे छोटेखानी पुस्तक बाजारात आलं. ज्यांना ती नोकरी मिळाली त्यांचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? हे पुस्तक मात्र पुढे युरोपभर गेलं.

गोळीचा वेग मोजायचा कसा?

तेव्हाच्या बंदुका ठासणीच्या. कोकणात ज्यांच्या पणजोबांकडे ती होती त्यांना वेगळं सांगायला नको. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची आणि गजानं ठासायची. म्हणजे तेव्हा प्रत्येक बार हातानंच भरलेला असायचा. आज ज्याला हँडलोडिंगचा छंद म्हणतात, ती तेव्हा प्रत्येक शिपायाची रोजची कटकट होती. आणि नेमाचं म्हणाल तर आनंदच होता. गोळी कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

पुस्तकी पंडितांचं मत वेगळं होतं. गॅलिलिओनं दाखवलं होतं, की फेकलेली वस्तू पॅराबोलात जाते. अकरावीत आपण जे प्रोजेक्टाइल मोशन शिकतो, तेच. हवेचा विरोध नगण्य मानावा, हे वाक्यही तेच! रॉबिन्सला हे पटेना. पण तपासायचं तर आधी गोळीचा खरा वेग माहीत हवा, आणि सेकंदाला शेकडो मीटर जाणारी वस्तू मोजणारं घड्याळ तेव्हा नव्हतं.

त्यानं घड्याळाचा नादच सोडला. लोखंडी पत्र्याला लाकडाचा ठोकळा बसवला आणि तो झोक्यासारखा टांगला. वजन सुमारे २५ किलो. त्यावर गोळी झाडायची. ती लाकडात रुतते, झोका मागे जातो, आणि खाली बांधलेली फीत किती ओढली गेली ते मोजायचं. झोका किती हलला ते कळलं की संवेग अक्षय्यतेच्या नियमानं गोळीचा वेग काढता येतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात बॅलिस्टिक पेंडुलमचं जे गणित असतं ना, ते या माणसाचं. मार्क गेले असतील तर कुणाला शिव्या द्यायच्या ते आता कळलं!

उत्तर आलं सेकंदाला साधारण १,६०० ते १,७०० फूट, म्हणजे ५०० मीटरच्या आसपास. मग त्यानं झोका बंदुकीपासून कमी-जास्त अंतरावर ठेवला आणि वाटेत वेग किती घटतो ते पाहिलं. निकाल धक्कादायक होता. पाऊण इंच व्यासाच्या त्या गोळीला हवा तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट जोरानं मागे ढकलत होती. पॅराबोलाच्या हिशेबानं ही गोळी १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही धड जात नव्हती. ज्याला सगळे नगण्य म्हणत होते, तोच मोठा गुन्हेगार निघाला. गोळीचा वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास गेला की हा विरोध एकदम वाढतो, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

दारूचाही त्यानं असाच पिच्छा पुरवला. किती दारू घातली की वेग किती वाढतो, ते पाहिलं. हवेतल्या दमटपणानं दारू ओलसर झाली की तिचा जोर घटतो, हे नोंदवलं. आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या दिवाळीत फुसका बार का निघतो, त्याचंच हे शास्त्र.

अंगण मुद्दाम वाकडं केलं

आता मूळ प्रश्न. वेग कळला, हवेचा विरोध कळला. पण हवा गोळीला मागे ढकलते, बाजूला नाही. मग गोळी डावी-उजवीकडे का जाते?

रॉबिन्सनं बंदुकीची नळी जड गाड्यावर पक्की बसवली आणि तीच दारू, तशाच गोळ्या घेऊन बार काढत राहिला. गोळ्या तरीही भरकटल्या. म्हणजे शिपाई निर्दोष. मग त्यानं अंतर बदलून पाहिलं. इथं जरा थांबा, कारण खरी गंमत इथं आहे. नळीचं तोंड किंचित तिरकं असल्यामुळे गोळी चुकत असेल, तर दुप्पट अंतरावर चूक बरोबर दुप्पट व्हायला हवी. सरळ रेषेचं साधं गणित आहे. पण चूक दुपटीहून कितीतरी जास्त वाढत होती. याचा अर्थ गोळी तिरक्या रेषेत नाही, वळत जात होती. नळीतून बाहेर पडल्यावरही काहीतरी तिला सतत बाजूला ओढत होतं.

त्याला संशय आला गोल फिरण्याचा. ठासायला सोपी जावी म्हणून गोळी नळीपेक्षा जराशी लहान असायची. त्यामुळे ती बाहेर येताना नळीच्या आत कुठेतरी घासायची आणि स्वतःभोवती फिरायला लागायची. दर वेळी घासण्याची जागा वेगळी, म्हणून फिरकीही वेगळी. आणि फिरणारा चेंडू हवेत वळतो, हे क्रिकेट खेळणाऱ्या तुम्हाला मी काय सांगणार? स्पिनरचा चेंडू टप्पा पडायच्या आधीच हवेत सरकतो, फुटबॉलची फ्री किक भिंतीला वळसा घालून जाते, ते याच कारणानं.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आपल्याकडे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. या पठ्ठ्यानं अंगण मुद्दाम वाकडं करून पाहिलं! बंदुकीची नळी तोंडाजवळ डावीकडे वाकवली. विचार असा, की वाकडेपणामुळे गोळी दर वेळी नळीच्या उजव्या बाजूलाच घासेल, म्हणजे फिरकी दर वेळी एकाच प्रकारची मिळेल. त्याचा अंदाज खरा असेल, तर नळीचं तोंड डावीकडे असूनही गोळी शेवटी उजवीकडे वळायला हवी. वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि टोकाला भिंत ठेवली. बार काढला. पडद्यांवरची भोकं डावीकडे होती आणि भिंतीवरची खूण उजवीकडे! गोळी आपली वाट ओलांडून पलीकडे गेली होती.

एवढ्यावर तो थांबला नाही. दुहेरी दोरीला पीळ भरून त्यानं लाकडी चेंडू टांगला आणि झोका दिला. दोरीचा पीळ सुटायला लागला, चेंडू फिरायला लागला आणि झोका सरळ रेषा सोडून बाजूला सरकला. पीळ उलटा भरला, तर सरकणंही उलटं. बंदूक नाही, दारू नाही, तरी तोच परिणाम. १७४६ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं.

आणि ऑयलर म्हणाला, नाही

१७४५ मध्ये रॉबिन्सच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर आलं. भाषांतरकार कोण, तर खुद्द लिओनार्ड ऑयलर! ज्याच्यावर रॉबिन्सनं सहा वर्षांपूर्वी टीका केली होती, तोच. मनात राग न ठेवता त्यानं पुस्तकाची तारीफ केली आणि मूळ मजकुरापेक्षा कितीतरी मोठ्या टिपा जोडल्या. हेच पुस्तक पुढे फ्रेंचमध्ये गेलं आणि तोफखान्यातल्या तरुण नेपोलियननं त्याचा अभ्यास केला.

पण फिरकीचा मुद्दा ऑयलरला पटला नाही. गोळी भरकटते ती तिच्या वेड्यावाकड्या आकारामुळे, असं त्याचं मत पडलं. एवढ्या मोठ्या माणसानं नाही म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? रॉबिन्सचा तो प्रयोग मागे पडला. १८५२ मध्ये जर्मनीतल्या हाइनरिक माग्नुसनं हाच परिणाम पुन्हा दाखवला आणि आज जगभर त्याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात. शंभर वर्षं आधी नळी वाकवणारा शिंप्याचा मुलगा त्या नावात नाही. काही जण आता दोघांचं नाव जोडून घेतात, एवढंच.

आजाराचं निदान झालं, आता औषध. फिरकी टाळता येत नसेल, तर ती आपल्याला हवी तशी द्यायची. जर्मनी-स्वित्झर्लंडकडे रायफली होत्याच. त्यांच्या नळीत आतून स्क्रूसारख्या पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी आडवीतिडवी फिरत नाही, जाण्याच्या दिशेभोवतीच फिरते, फेकलेल्या भोवऱ्यासारखी. मग हवेला तिला बाजूला ढकलायला निमित्तच मिळत नाही. रायफल लोकांना माहीत होती, पण ती नेम का धरते हे कळत नव्हतं. ते रॉबिन्सनं १७४७ मध्ये सोसायटीपुढे निबंध वाचून सांगितलं. गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची, जड टोक पुढे असलेली गोळी वापरून पाहा, असंही त्यानं सुचवलं. जो देश आपल्या सैन्याला आधी चांगल्या रायफली देईल तो बाकीच्यांना भारी पडेल, असा इशाराही त्यानं देऊन ठेवला.

अडचण बार भरण्याची होती. खाचांत घट्ट बसणारी गोळी ठासणं म्हणजे घाम काढणारं काम. त्यावरचा एक उपाय म्हणजे पातळ चामड्याच्या किंवा कापडाच्या तुकड्याला वंगण लावायचं, त्यात गोळी धरायची आणि मग ठासायची. हे वंगण आता विसरू नका.

मद्रासची बोट

१७४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबिन्सला मुख्य इंजिनियर म्हणून नेमलं. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास जिंकलं होतं आणि ते नुकतंच तहानं परत मिळालं होतं. किल्ले दुबळे आहेत हे कंपनीला कळून चुकलं होतं. वर्षअखेरीस रॉबिन्स बोटीत बसला आणि १७५० च्या जुलैत फोर्ट सेंट डेव्हिडला, म्हणजे कडलूरजवळ उतरला. त्यानं तिथल्या आणि मद्रासच्या किल्ल्यांचे आराखडे हाती घेतले. दोन-तीन महिन्यांत तापानं गाठलं. त्यातून तो उठला, पण तब्येत सावरली नाही. २९ जुलै १७५१ रोजी तो गेला. शेवटी त्याच्या हातात लेखणी होती आणि तो कंपनीसाठी अहवाल लिहीत होता, असं त्याचे लेख पुढे छापणाऱ्या मित्रानं नोंदवून ठेवलंय.

आता शंभर वर्षं पुढे या. कंपनीच्या हिंदी शिपायांच्या हातात नवी एनफिल्ड रायफल येऊ घातली होती. नळीत पिळाच्या खाचा, गोळी गोल नाही तर लांबट. रॉबिन्सनं सांगितलेलं बरंचसं त्या एका बंदुकीत उतरलं होतं. काडतूस कागदाचं, दातानं तोडायचं. दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. खाचांच्या नळीतून गोळी सहज सरकावी म्हणून कागदाला वंगण लावलेलं. ते गाई-डुकराच्या चरबीचं आहे, ही बातमी छावण्यांत पसरली आणि १८५७ चा वणवा पेटला. शाळेत आपण मंगल पांडे शिकलो, चरबीची काडतुसंही शिकलो. पण काडतुसाला चरबी लागतेच कशाला, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

मला रॉबिन्सबद्दल काय वाटतं, हे अजून नीट ठरवता आलेलं नाही. एकीकडे हा माणूस भारी वाटतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आकडे जुळले नाहीत, की आपण खाली प्रायोगिक त्रुटी असं लिहून मोकळे होतो. रॉबिन्सनं त्या त्रुटीलाच प्रश्न विचारला. सगळे नशीब म्हणत होते, तिथं त्यानं एकेक संशयित बाजूला काढला. आधी माणूस, मग दारू, मग नळी, आणि शेवटी उरली ती फिरकी. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या पातळीच्या स्पर्धांसाठी आजही रायफल पकडीत बसवून वेगवेगळ्या बॅचच्या गोळ्या झाडून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारी बॅच निवडतात. ती रीत रॉबिन्सच्या गाड्याचीच.

दुसरीकडे, युद्ध पाप मानणाऱ्या घरात वाढलेल्या या मुलानं बंदुकीला नेम दिला आणि शेवटचं वर्ष एका कंपनीचे किल्ले पक्के करण्यात घालवलं. ते किल्ले कुणाच्या विरोधात होते, हे आपल्याला ठाऊक आहे. गोळी का चुकते, याचा त्यानं जगात सगळ्यात आधी छडा लावला. ती कुणाला लागणार, हा प्रश्न त्याला कधी पडला का? त्याची माहीत असलेली पुस्तकं गोळीच्या वाटेबद्दल बोलतात, याबद्दल नाही.

तुमच्यापैकी कुणी उद्या कोडिंग करेल, कुणी ड्रोन बनवेल, कुणी माझ्यासारखं बातम्या लिहील. आपलं काम नेमकं व्हावं म्हणून आपण रात्र रात्र जागू. तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही रॉबिन्सची रीत जरूर उचला. आणि त्यानं न विचारलेला तो दुसरा प्रश्नही, जमलं तर, सोबत ठेवा.